गुण मोजावे, चूक वाचावी

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदिया मागे पडले, की थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते आणि गाडी डोंगरगड, राजनांदगाव करीत दुर्गास येते. दुर्गाला लागून भिलाईची पोलादनगरी आहे आणि तिच्या दक्षिणेस उतई हे लहानसे नगर आहे. सकाळी गोंदियाहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला उतईस सहज पोहोचतो. भिलाई-दुर्गाच्या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे, आणि एकाच घराण्यातील मुले सीमेच्या दोन बाजूंना शिकत आहेत, असेही पुष्कळदा आढळते.

अशी दोन मामे-आते भावंडे कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. एक उतईच्या शाळेत दहावीला आहे, दुसरा गोंदियाच्या. दोघांनाही गणितात शंभरापैकी ३४ गुण पडले. सवलतीच्या गुणांचा हिशेब बाजूला ठेवला, तर उतईचा मुलगा उत्तीर्ण झाला. कारण छत्तीसगडच्या मंडळाची मर्यादा शेकडा ३३ आहे. गोंदियाचा मुलगा अनुत्तीर्ण झाला. कारण महाराष्ट्राच्या मंडळाची मर्यादा ३५ आहे. एका घरी पेढे आले. दुसऱ्या घरी त्या संध्याकाळी कोणी मोठ्याने बोलले नाही. दोघांचे गणित तेवढेच कच्चे होते. निराळी होती ती केवळ रेघ.

रेघ कोठे तरी ओढावीच लागते, आणि ती कोठेही ओढली तरी तिच्या अलीकडे-पलीकडे एखाद्या गुणाने कोणी तरी राहणारच. तेव्हा ३३ बरोबर की ३५ बरोबर, हा वाद घालण्यात अर्थ नाही. विचार करावयाचा तो निराळ्या गोष्टीचा. या ३४ गुणांनी त्या दोघा मुलांना काय सांगितले? त्यांच्या शिक्षकांना काय सांगितले? आपले गणित कोठे अडले, हे त्या आकड्यावरून त्यांच्यापैकी कोणाला तरी कळले काय?

माध्यमिक शाळेतील गणिताविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुतेक या रेघेभोवतीच फिरत असते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत गणित आणि विज्ञान हे विषय सर्वांना आवश्यक असावेत, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात दहा वर्षांच्या नव्या आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली. गणित सर्वांच्या वाट्याला आले हे योग्यच झाले; परंतु त्याबरोबर नापासांची संख्या वाढविणारा विषय, अशी त्याची ख्यातीही पसरली. मग त्यावर उपाय सुरू झाले. मध्यंतरी काही वर्षे बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेण्याची मुभा महाराष्ट्रात होती. दहावीचा अभ्यासक्रम २०१८ मध्ये बदलला तेव्हा ती नाहीशी झाली. गणित ऐच्छिक करता येईल काय, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका सुनावणीच्या वेळी उपस्थित केला. केंद्रीय मंडळाने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला प्रमाण गणित आणि मूलभूत गणित अशा दोन पातळ्यांच्या प्रश्नपत्रिका ठेवल्या. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात असे सुचविण्यात आले, की गणितात किंवा विज्ञानात २० पेक्षा अधिक परंतु ३५ पेक्षा कमी गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला, प्रमाणपत्रावर तसा शेरा देऊन, अकरावीत जाऊ द्यावे.

या प्रत्येक उपायामागे सद्हेतू आहे, आणि एका विषयापायी मुलाचे सारे शिक्षण खुंटू नये हा विचार तर माणुसकीचाच आहे. तथापि हे सारे उपाय रेघ सरकविण्याचे, किंवा मुलाला रेघेच्या बाजूने वळसा घालून नेण्याचे आहेत. मुलगा ज्या जागी अडखळला, ती जागा त्यांपैकी एकाही उपायाने सापडत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साली तयार होत असताना गणिताच्या अध्यापनाविषयी जो अभ्यासगट नेमला होता, त्यानेही मुलांच्या मनातील भीती आणि अपयशाची भावना, मूल्यमापनाच्या ढोबळ पद्धती आणि शिक्षकांची अपुरी तयारी यांचा एकत्रच उल्लेख केला. हे दोष एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. मापनच ढोबळ असेल, तर शिक्षकाला चूक दिसत नाही; चूक दिसली नाही, तर ती दुरुस्त होत नाही; आणि तीच चूक वर्षानुवर्षे शिक्षा देत राहिली, म्हणजे मुलाच्या मनात भीती घर करते.

एक साधे उदाहरण घ्यावे. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, या प्रश्नाला अनेक मुले दोन पंचमांश असे उत्तर लिहितात. वरचे अंक मिळविले, एक आणि एक दोन. खालचे मिळविले, दोन आणि तीन पाच. तपासनीस लाल रेघ मारतो आणि शून्य देतो. ते शून्य योग्यच आहे. परंतु मुलाला जवळ बोलावून विचारावे, 'हे तू कसे केलेस?' कदाचित तो सांगेल, 'पहिल्या चाचणीत मला दोनपैकी एक गुण मिळाला, दुसरीत तीनपैकी एक. एकूण पाचपैकी दोनच झाले ना?' मुलाचे म्हणणे ऐकून क्षणभर थांबावे लागते. गुणपत्रकावर बेरीज खरोखर अशीच होते. शाळेनेच दरमहा त्याच्यापुढे केलेली ती बेरीज त्याने जशीच्या तशी उचलली. त्याला एवढेच समजलेले नाही, की गुणांच्या बाबतीत दोन निरनिराळ्या गोष्टींचे भाग एकत्र मोजले जातात, आणि अपूर्णांकांच्या बेरजेत मात्र एकाच वस्तूचे भाग मिळवावयाचे असतात. अशा मुलाला नियम पुन्हा एकदा घोकावयास लावून काही साधत नाही. त्याला विचारावे, 'अर्धी भाकरी पानात असताना आणखी तिसरा हिस्सा वाढला. मग आता पानात अर्ध्या भाकरीहून कमी भाकरी कशी होईल?' दोन पंचमांश हे अर्ध्याहून कमी आहेत, हे त्याचे त्यालाच दिसते. त्या क्षणी जे शिक्षण होते, ते शून्याने होत नाही.

उलट, बरोबर आलेले उत्तरही फसवू शकते. चौसष्टांश सोळा या अपूर्णांकाचे सर्वांत सोपे रूप विचारले असता एखादा मुलगा वरचा सहा आणि खालचा सहा काटतो आणि एक चतुर्थांश असे उत्तर लिहितो. उत्तर बरोबर, रीत संपूर्ण चुकीची. नुसते उत्तर पाहून गुण दिले, तर तो पैकीच्या पैकी घेऊन घरी जाईल आणि पुढच्या अपूर्णांकात त्याच रीतीने बुडेल. तेव्हा 'हे तू कसे केलेस?' हा प्रश्न केवळ चुकलेल्या मुलालाच विचारावयाचा नसून बरोबर उत्तर देणाऱ्यालाही विचारावयाचा असतो.

अपूर्णांक इतके अवघड का झाले, याचेही एक कारण शाळेच्या बाहेर आहे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत वजने-मापेही दशमान झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे होते, मणाचे चाळीस शेर होते. चार आण्यांना पावली म्हणत, आठ आण्यांना अधेली. अपूर्णांक मुलाच्या खिशात खुळखुळत असे. म्हणूनच पंतोजींच्या शाळेत बे एके बे बरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि साडेतीनपटीची औटकीही पाठ करवून घेत. त्या पाठांतरात छडीचा भाग मोठा होता आणि समजुतीचा भाग थोडा होता, हे खरे. त्या काळाचे उगाच गोडवे गाऊ नयेत. परंतु ते पाढे बाजारात रोज उपयोगी पडत, आणि चुकला तर मुलाला तेथल्या तेथे नुकसान सोसावे लागे. दशमान पद्धतीने व्यवहार सोपा केला. मात्र त्याबरोबर अपूर्णांक बाजारातून उठला आणि केवळ पुस्तकात जाऊन बसला. आज सव्वा, दीड, अडीच हे शब्द तोंडी राहिले आहेत. त्यांच्यामागचा हिशेब राहिलेला नाही. माध्यमिक शाळेतील शिक्षकाला हे ठाऊक असेल, तर तो मुलाच्या अज्ञानाला आळस म्हणणार नाही.

चूक वाचण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रात अलीकडेच झाला, आणि त्याचे जे झाले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपण पंचवीस म्हणतो तेव्हा कानावर आधी पाच येतात आणि मागून वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहावे लागतात आणि मागून पाच. हिंदीतल्या पच्चीसचीही तीच गत आहे, त्यामुळे उतईच्या मुलाची अडचण गोंदियाच्या मुलाहून निराळी नाही. त्यातून एकोणऐंशी, ब्याऐंशी, त्र्याण्णव अशी जोडाक्षरांनी भरलेली नावे. लहान मूल पंचवीस ऐकून बावन्न लिहिते, यात नवल नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात रूढ नावांबरोबर 'वीस पाच' अशा वाचनाची सोयही देण्यात आली. गणिताच्या विषय-समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. त्यावर एकच गदारोळ उडाला; मराठी बिघडविली अशी तक्रार झाली, थट्टा झाली, विषय विधानसभेपर्यंत गेला. भाषेविषयीची ती आस्था खोटी होती असे म्हणता येणार नाही. पण त्या सगळ्या वादात एक प्रश्न फारच थोड्यांनी विचारला: या सोयीमुळे मुलांच्या चुका कमी होतात की नाही? समितीने मुलाच्या चुकीकडे पाहिले होते. वाद करणारांनी बहुधा शब्दाच्या गोडीकडे पाहिले.

ही दुसरीतली गोष्ट माध्यमिक शाळेच्या चर्चेत कशाला, असे कोणास वाटेल. तर दहावीच्या बीजगणितात एक नेहमीचे उदाहरण असते: एका दोन अंकी संख्येतील अंकांची अदलाबदल केली असता मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा अमुक इतकी मोठी आहे, तर ती संख्या कोणती? दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य मानले, तर ती संख्या दहा क्ष अधिक य अशी मांडावयाची असते. पुष्कळ मुले ती क्ष अधिक य अशी मांडतात, काही क्ष गुणिले य अशी मांडतात. पुढचे समीकरण कितीही नीट सोडविले तरी उत्तर चुकते. शिक्षकाला वाटते, मुलाला समीकरण येत नाही. वस्तुतः त्याला समीकरण येते. त्याला येत नाही ते दुसरीतले स्थानमूल्य. दहावीच्या उत्तरपत्रिकेतील चूक आठ वर्षांपूर्वीची असते, आणि एवढा काळ ती कोणी पाहिलेलीच नसते. मग त्या मुलाकडून समीकरणांची आणखी पन्नास उदाहरणे करून घेतली जातात, आणि तो पन्नास वेळा तेथेच अडखळतो.

भूमितीची गोष्ट याहून निराळी आहे. हॉलंडमधील व्हॅन हीले या पती-पत्नींनी, दोघेही शाळेत गणित शिकवीत असता, १९५७ साली आपले प्रबंध सादर केले. मुलांची भूमितीची समज पायरीपायरीने वाढते, असा त्यांच्या विचाराचा गाभा. पहिल्या पायरीवर मूल आकृती नुसत्या रूपावरून ओळखते. पुढच्या पायरीवर त्याला तिचे गुणधर्म दिसू लागतात. त्यापुढे एका गुणधर्मातून दुसरा कसा निघतो हे कळते. आणि त्यानंतरच सिद्धता म्हणजे काय हे त्याला उमगते. मधली पायरी गाळून वर जाता येत नाही. शिक्षक चौथ्या पायरीवरून बोलत असेल आणि मुलगा पहिलीवर उभा असेल, तर दोघेही मराठीतच बोलत असून एकमेकांना परके असतात.

आपल्या नववी-दहावीच्या वर्गांत हे दृश्य रोज दिसते. काटकोन त्रिकोणाचा काटकोन तळाशी काढला असेल तर मुलगा तो ओळखतो. तोच त्रिकोण कर्णावर निजविला, की त्याला त्यात काटकोन दिसत नाही. हा मुलगा अजून आकृतीच्या रूपावरच आहे. अशा मुलाकडून पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता मागितली जाते. तो ती देतोही. कारण त्याने ती पाठ केलेली असते. अ, ब, क च्या जागी प, फ, ब ही अक्षरे आली, की पाठांतर उघडे पडते. परंतु पुस्तकातीलच प्रमेय पुस्तकातील अक्षरांनी विचारले, तर त्याला पुरे गुण मिळतात, आणि त्याला भूमिती येते अशी सर्वांची समजूत होते, त्याची स्वतःचीही.

सध्याच्या शालान्त परीक्षेत महाराष्ट्रात गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, बीजगणित आणि भूमिती, प्रत्येकी ४० गुणांची व दोन तासांची. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. प्रश्नपत्रिकेत काही प्रश्न 'कृती पूर्ण करा' या स्वरूपाचे असतात. सिद्धतेची किंवा आकडेमोडीची मांडणी छापलेली असते आणि मधल्या रिकाम्या चौकटी मुलाने भरावयाच्या असतात. या चौकटींवर टीका करणे सोपे आहे. परंतु त्यांची एक बाजू चांगली आहे: ज्या मुलाला आरंभ कोठून करावा हे सुचत नाही, त्यालाही मधला एखादा दुवा आपल्याला कळतो हे दाखविता येते. दुसरी बाजू अशी, की चौकटी भरणारा मुलगा त्या वाटेने एकटा चालू शकेल की नाही, हे त्यांवरून कळत नाही. हात धरून चालणाऱ्याचा तोल कसा आहे, हे हात सोडल्याशिवाय समजत नाही. अंतर्गत २० गुण खरे म्हणजे याचसाठी शाळेच्या हाती दिलेले आहेत. शिक्षकाने मुलाला समोर बसवून बोलते करावे, अशी त्यांत सोय आहे. व्यवहारात ते गुण उदारपणे वाटले जातात, आणि रेघ ओलांडण्यास मदत करणे एवढेच त्यांचे काम उरते.

यावर कोणी म्हणेल, मग परीक्षाच नको. हे म्हणणे टिकणारे नाही. दूरच्या, अनोळखी तपासनीसाने, नाव न पाहता, केवळ आसन-क्रमांकावरून दिलेले गुण ही साधी वस्तू नव्हे. ज्याच्या मागे ना पैसा, ना ओळख, अशा शेतमजुराच्या किंवा कारखान्यातील कामगाराच्या मुलाला त्या गुणपत्रकाने दारे उघडून दिली आहेत. शिक्षकाच्या मर्जीवर सारे सोपविले, तर पहिला अन्याय त्याच मुलावर होईल. तेव्हा मोजणे हवेच. मात्र मोजण्याचे काम एक आणि शिकविण्याचे काम दुसरे, ही जाणीव सुटता कामा नये.

मोजण्याच्या हौसेला किती महत्त्व द्यावे, याचा एक दाखला केंब्रिजनेच दिला आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली तेथील गणिताच्या परीक्षेत पहिल्या स्थानाचे मानकरी ठरले, आणि 'रँग्लर' हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. तो आनंद योग्यच होता. पारतंत्र्यातील एका समाजाला त्याने आत्मविश्वास दिला. परंतु ज्या विद्यापीठाने ही क्रमवारी जन्मास घातली, त्यानेच १९०९ नंतर ती प्रसिद्ध करणे थांबविले. क्रमांकासाठी केलेल्या तयारीत गणित मागे पडते, हा विचार तेथे अखेर प्रबळ ठरला. आपल्याकडे मात्र रँग्लर ही पदवी आदराने उच्चारली जात राहिली, आणि ती क्रमवारी का बंद झाली याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

याच परांजप्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक १९२७ साली फर्ग्युसन महाविद्यालयातील दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याला मिळाले. पुढे ते नाशिकजवळच्या देवळाली येथे १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांचे झालेले नव्हते. १९४९ मध्ये त्यांनी एक चमत्कार जगापुढे मांडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून जी मोठ्यात मोठी संख्या होईल, तीतून चढत्या क्रमाने होणारी लहानात लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या येते, आणि मग ती हलत नाही. कापरेकर सेवेतून निवृत्त झाले ते वर्ष, १९६२, हीच संख्या घ्या. ९६२१ मधून १२६९ गेले, उरले ८३५२. आता ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४. दोनच पावलांत मुक्काम आला.

चौथीतल्या मुलालाही ही वजाबाकी जमते. वजाबाकीला परीक्षेत दोन गुण देता येतील. परंतु 'असे का होते?' हा जो प्रश्न मुलाच्या मनात उठतो, त्याला किती गुण द्यावयाचे? तो मोजता येत नाही म्हणून वर्गातून बाहेर ठेवावा काय? १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांच्या शोधांविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शाळामास्तरांचे नाव जगभर गेले. त्यांना ज्या प्रश्नांनी आयुष्यभर गुंतवून ठेवले, ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेले नव्हते.

मोजणे आणि शिकविणे यांची सांगड घालण्याचा प्रयत्न सरकारी पातळीवर झालाच नाही, असे नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. आकारिक मूल्यमापन, म्हणजे मूल शिकत असतानाच त्याचे कोठे अडते हे पाहत राहणे, ही त्यातील मुख्य कल्पना. कल्पना उत्तम होती. पण मुलाविषयी नोंदी कराव्यात असे ठरले, आणि हळूहळू नोंदी करणे हेच काम होऊन बसले. नोंदवहीतील रकाने भरले, की मूल्यमापन झाले. 'गणितात प्रगती समाधानकारक', 'अधिक सरावाची गरज' अशी ठराविक वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरू लागली. त्या वाक्यांवरूनही मूल कोठे अडले हे कळत नव्हते. जो दोष गुणांत होता, तोच शब्दांत आला. प्रशासनात ज्यांचे दिवस जातात, त्यांना हे नवीन नाही: कागदावर जे मागितले जाते, ते कागदावर मिळते.

मग शिक्षकाने करावे तरी काय? त्याच्या वर्गात पन्नास-साठ मुले असतात, अभ्यासक्रम संपवावयाचा असतो, इतर कामेही असतात. प्रत्येक मुलाची प्रत्येक चूक वाचावयास तो वेळ कोठून आणणार? हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तर गणितातच आहे. साठ मुले असली तरी एका प्रश्नातील चुका साठ प्रकारच्या नसतात. त्या बहुधा चार-पाच प्रकारच्या असतात. चाचणीच्या वह्या गुणांच्या क्रमाने न लावता चुकांच्या प्रकारांनी लावल्या, तर चार-पाच गठ्ठे होतात. एका गठ्ठ्यातील मुलांना एकत्र बसवून त्यांच्याशी एकदाच बोलावे लागते. फळ्यावर नाव न घेता ती चूक लिहावी आणि वर्गालाच विचारावे, की असे करणाऱ्याने काय विचार केला असेल? मुलांना हा प्रश्न आवडतो, कारण त्यात दोषी कोणी नसतो. चाचणीनंतरचा एक तास एवढ्यासाठी राखला, तर पुढचे अनेक तास वाचतात. यासाठी नवे पद नको, नवे अनुदान नको, नवी नोंदवहीही नको.

परीक्षा-मंडळांकडेही याची सामग्री तयार आहे. महाराष्ट्रात विद्यार्थ्याला आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. आज ती मागितली जाते ती प्रायः एखादा गुण वाढतो काय हे पाहण्यासाठी. तीच छायाप्रत मुलगा आणि त्याचा शिक्षक यांनी शेजारी बसून वाचली, तर तिची किंमत एका गुणाहून पुष्कळ अधिक ठरेल. २०१५ पासून अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी ऑक्टोबरपर्यंत न थांबता त्याच पावसाळ्यात पुरवणी परीक्षा घेण्याची सोय झाली आहे. मुलाचे वर्ष वाचते, हे चांगलेच झाले. परंतु पहिल्या परीक्षेपासून दुसरीपर्यंत त्याच्या हाती एक आकडाच असतो. आपण कोठे घसरलो हे न कळता तो त्याच वाटेने पुन्हा चढू लागतो.

आरंभी सांगितलेल्या भावंडांकडे पुन्हा वळावे. समजा, दोघांच्या उत्तरपत्रिका कोणी खरोखर वाचल्या. उतईच्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. भूमितीत त्याची नजर चांगली होती. गोंदियाच्या मुलाचे स्थानमूल्य कच्चे होते; समीकरणे तो नीट सोडवीत होता. दोघांचेही ३४ च गुण, पण दोघांची दुखणी निराळी आणि औषधेही निराळी. उत्तीर्ण झालेला मुलगा उद्या भिलाईच्या एखाद्या तंत्रशाळेत जाईल, आणि तेथे मोजमापाच्या पहिल्याच पाठात त्याचा अपूर्णांक त्याला गाठील. पेढे वाटून झाल्यामुळे ते दुखणे कोणी पाहिलेलेच नसेल. अनुत्तीर्ण झालेला मुलगा पावसाळ्यात पुन्हा परीक्षेस बसेल. दोघांपैकी अधिक दुर्दैवी कोण, हे सांगणे सोपे नाही.

रेघ ३३ वर असो, ३५ वर असो की २० वर येवो. ती ओढण्याचे काम मंडळे करीत राहतील. ते काम शिक्षकाचे नव्हे. शिक्षकाचे काम मुलाच्या वहीवर वाकून, लाल पेन्सिल क्षणभर बाजूला ठेवून, 'हे तू कसे केलेस?' असे विचारण्याचे आहे. उतईच्या शाळेत आणि गोंदियाच्या शाळेत तो प्रश्न विचारण्याची मोकळीक शिक्षकाला सारखीच आहे.